तुर्की हमाम : आत जाण्याआधी हे वाचा

इस्तंबूलच्या सहलीत एक दुपार आम्ही हमामसाठी, म्हणजे तिथल्या वाफेच्या सार्वजनिक स्नानगृहासाठी, मुद्दाम मोकळी ठेवतो. तरीही बरीच मंडळी दारातून परत फिरतात, ती केवळ संकोचापायी. "कपडे काढावे लागतात का हो?" हे बसमध्ये हळूच विचारलं जातं, म्हणून त्याचंच उत्तर आधी.

पुरुषांनी कमरेला पेश्तेमाल गुंडाळायचा आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. पेश्तेमाल म्हणजे आपला पंचाच, बहुधा चौकड्यांचा. स्त्रियांनी आतली चड्डी ठेवावी, पोहण्याचा पोशाख घातला तरी कुणी काही म्हणत नाही. कोरडे अंतर्वस्त्र मात्र सोबत न्या. चेंबेरलिताश (१५८४) किंवा जालोलू (१७४१) अशा जुन्या हमामांत स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे असतात. पुरुषांना अंघोळ घालणारा तो तेल्लाक, स्त्रियांना घालणारी ती नातिर. सुलेमानिये हमामात जोडपी आणि कुटुंबं एकत्र जातात. तिथे जायचं तर अंघोळ कोण घालणार, हे आधी विचारून घ्या.

आत गेलात की मधोमध संगमरवरी ओटा दिसेल, गोबेक ताशी. खालच्या भट्टीने तो तापलेला असतो. त्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं पडून राहा. वर घुमटातल्या काचांच्या गोल झरोक्यांतून उजेडाच्या तिरिपा वाफेत उतरतात. तुर्क या झरोक्यांना 'हत्तीचे डोळे' म्हणतात. इथे घाई करू नका. घाम नीट सुटला नाही तर पुढचं घासणं वाया जातं.

मग केसे, म्हणजे खरखरीत हातमोजा. दिवाळीला आईने उटणं लावून पाठ रगडलेली आठवत असेल, तर हे त्याच्याही वरचं. दंडावरून मळाच्या करड्या वळकट्या निघतात आणि तेल्लाक त्या आपल्याला दाखवतोही. लाजू नका, सगळ्यांच्याच निघतात. जास्त लागलं तर 'यावाश' म्हणा, म्हणजे हळू. नंतर साबणाच्या पाण्यात बुडवलेली कापडी पिशवी हवेने फुगवून तो हाताने खाली निरपतो. फेसाचा ढीग अंगावर येतो, इतका हलका की गरम वाटतं, पण वजन जाणवत नाही.

भिंतीकडेच्या कुर्ना, म्हणजे दगडी कुंडांत, हात किंवा साबण बुडवू नका. त्यांना तळाशी भोक नसतं आणि ते पाणी स्वच्छच राहायला हवं. वाडग्याने घेऊन अंगावर ओता, आपण घंगाळातून तांब्याने घेतो तसं. ओल्या संगमरवरावर पाय सटकतो, चपला पायातच ठेवा.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. याबाबत आम्ही कुणालाही आग्रह करत नाही. भरपेट जेवून जाऊ नये. त्याच दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग केलेलं असलं तर कातडी झोंबते. सोनं हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, कारण ते तापतं आणि केसेत अडकतं.

तेल्लाकला बक्षिसी द्यायची पद्धत आहे. त्यांचा शब्द 'बाहशीश', आपलाच 'बक्षीस'. लिराच्या सुट्या नोटा जवळ असू द्या.

निघताना कोरड्या पंचात गुंडाळून बाहेरच्या दालनात बसा, पाणी प्या, चहा घ्या. उठायची घाई नको, गाडी थांबलेली असते. हमामचा खर्च सहलीच्या शुल्कात धरलेला नाही. यायचं असेल तर आदल्या रात्री जेवणाच्या वेळी सहल व्यवस्थापकांकडे नाव द्या. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आमचा माणूस आतल्या दालनापर्यंत सोबत करतो, आणि महिलांसोबत आमची ताई असते.