विल्निअसमध्ये टळलेला निर्णय: वारसास्थळे आणि हवामानबदलाची पार्श्वभूमी

1972 चा युनेस्कोचा जागतिक वारसा करार झाला तेव्हा डोळ्यांपुढे धरणे आणि पूर होते. नाईलवरच्या आस्वान धरणाच्या पाण्याखाली अबू सिंबेलची मंदिरे जाणार होती, म्हणून 1964 ते 1968 या काळात ती कापून उंचावर पुन्हा उभारण्यात आली. 4 नोव्हेंबर 1966 रोजी व्हेनिसमध्ये पाणी 194 सेंटीमीटरपर्यंत चढले. दोन्हीकडे संकट नेमके होते आणि ते ज्या देशात आले, तिथले सरकार त्यावर काहीतरी करू शकत होते. करारातली धोक्यांची यादी याच अनुभवातून आली आहे: मोठी बांधकामे, युद्ध, आग, भूकंप, दरडी, पाण्याच्या पातळीतले बदल. स्थळ ज्याच्या हद्दीत, जबाबदारी त्याची, हे कराराचे गृहीतक आहे. संकटाचे कारण दहा देशांच्या चिमण्यांमध्ये असेल तर काय करायचे, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाच नव्हता.

पुढची वर्षे या विषयापुरती शांत गेली. पेरूमधले चान चान हे मातीच्या विटांचे शहर 1986 मध्ये वारसा यादीत आले आणि त्याच वर्षी धोक्याच्या यादीतही, म्हणजे संकटात असलेल्या स्थळांच्या वेगळ्या यादीतही, गेले, पण तिथला प्रश्न भिंतींच्या झिजेचा मानला गेला. 1998 मध्ये समुद्र तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा कुठे या चर्चेला तोंड फुटले.

नोव्हेंबर 2004 मध्ये काही पर्यावरणवादी गट आणि वकिलांनी वारसा समितीकडे, म्हणजे या याद्या ठरवणाऱ्या सदस्य देशांच्या समितीकडे, याचिका दिल्या. नेपाळचे सगरमाथा राष्ट्रीय उद्यान, पेरूचे हुआस्करान, ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ आणि बेलीझची प्रवाळभित्ती यांना हवामानबदलाच्या कारणावरून धोक्याच्या यादीत घ्या, अशी मागणी होती. फेब्रुवारी 2006 मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या वॉटरटन-ग्लेशिअर उद्यानाची भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या अमेरिकेकडच्या भागात दीडशेच्या आसपास हिमनद्या होत्या. 2015 पर्यंत जेमतेम पंचवीस-सव्वीस उरल्या.

याचिकांचा युक्तिवाद धाडसी होता, आणि मला तरी तो कराराच्या शब्दांना धरूनच वाटतो. चौथे कलम वारसा पुढच्या पिढ्यांच्या हाती सुखरूप देण्याचे कर्तव्य सांगते. सहाव्या कलमाचे तिसरे उपकलम दुसऱ्या देशातल्या वारशाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हानी पोहोचेल असे कृत्य जाणूनबुजून करू नका, असे बजावते. मग हरितगृह वायूंचे उत्सर्जन त्यात का बसू नये? त्याला उत्तर म्हणून अकराव्या कलमाचा चौथा परिच्छेद पुढे करण्यात आला आणि सगळा गुंता तिथेच झाला. मूळ यादीत स्थळ घेण्यासाठी संबंधित देशाची संमती लागते, हे तिसरा परिच्छेद स्पष्ट सांगतो. चौथ्या परिच्छेदात संमतीचा शब्द नाही. मात्र ज्यासाठी ‘साहाय्य मागितले आहे’ असे स्थळ, अशी अट त्यात आहे. एका बाजूने म्हटले, देशाने मागितलेच नसेल तर नोंद कशी करणार? दुसरी बाजू त्याच परिच्छेदातले पुढचे वाक्य दाखवते: तातडीची गरज असेल तर समिती केव्हाही नवी नोंद करू शकते. दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

जुलै 2006 मध्ये लिथुआनियातल्या विल्निअस इथे समितीची बैठक झाली. हवामानबदलाची कारणे आणि परिणाम यांवर एकमत नाही आणि संमतीशिवाय नोंद होऊ शकत नाही, अशी भूमिका अमेरिकेने आधीच घेतली होती. समितीने तज्ज्ञांचा अहवाल स्वीकारला आणि देशांनी निरीक्षण करावे, जुळवून घेण्याच्या योजना आखाव्यात, असे सांगितले. धोक्याच्या यादीचा प्रश्न मात्र ‘प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे, देशाशी सल्लामसलत करून’ असा गुंडाळला गेला. याचिकांमधले एकही स्थळ यादीत गेले नाही. उत्सर्जन कमी करण्याचा विषय हवामानविषयक वेगळ्या करारावर सोपवण्यात आला, आणि 2007 मध्ये सर्व सदस्य राष्ट्रांनी स्वीकारलेल्या धोरणपत्रातही तो तिथेच राहिला.

उलट बाजूचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. धोक्याच्या यादीतून बाहेर पडायचे तर सुधारणा करून दाखवाव्या लागतात. नेपाळ कोणती सुधारणा दाखवणार? 2016 मध्ये त्याने इम्जा या हिमसरोवराची पातळी तीन मीटरहून अधिक खाली आणली, पण वितळणारी हिमनदी थांबवणे त्याच्या हातात नाही. कारण दुसऱ्याचे आणि ठपका आपल्यावर, ही छोट्या देशांची भीती रास्त होती. तिचा फायदा मोठ्यांनी घेतला, हे वेगळे.

त्यानंतर काय घडले ते पाहिले की निर्णयाची वीण उलगडते. बेलीझची प्रवाळभित्ती 2009 मध्ये धोक्याच्या यादीत गेली, पण खारफुटीची तोड आणि किनाऱ्यावरची बांधकामे या कारणांनी. समुद्रातल्या तेल उत्खननावर बंदी आल्यावर 2018 मध्ये ती बाहेरही आली. अमेरिकेने 2010 मध्ये फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ उद्यानाची नोंद स्वतःहून करवून घेतली, तीही पाण्याचा घटलेला ओघ आणि प्रदूषण दाखवून. स्थानिक कारण सापडले की यंत्रणा बऱ्यापैकी चालते.

ग्रेट बॅरियर रीफवर 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. 2016 मध्ये वारसास्थळे, पर्यटन आणि हवामानबदल यांवरच्या आंतरराष्ट्रीय अहवालातून ऑस्ट्रेलियाच्या आक्षेपानंतर रीफचा भाग वगळण्यात आला. जून 2021 च्या मसुद्यात तिला धोक्याच्या यादीत घेण्याची शिफारस आली आणि त्यात हवामानबदलाचा उल्लेख ठळक होता. महिनाभरात, चीनमधल्या फुझोउच्या ऑनलाइन अधिवेशनात, ती पुढे ढकलली गेली. त्या वेळी ऑस्ट्रेलिया स्वतः समितीचा सदस्य होता. त्याच अधिवेशनात व्हेनिसही धोक्याच्या यादीतून वाचले, मोठ्या प्रवासी जहाजांवरच्या बंदीच्या जोरावर. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे पाणी 187 सेंटीमीटरवर गेले होते आणि ऑक्टोबर 2020 पासून भरती अडवणारे दरवाजे वापरात आले आहेत. 2023 च्या रियाध अधिवेशनात व्हेनिसबद्दलची शिफारस पुन्हा आली आणि पुन्हा फेटाळली गेली.

2007 च्या धोरणपत्राची जागा 2023 मध्ये नव्या धोरणपत्राने घेतली. जुन्याच्या मानाने त्यात उत्सर्जनाबद्दल बरेच मोकळेपणाने बोलले आहे. अकराव्या कलमाचा मजकूर मात्र होता तसाच आहे, आणि 2024 च्या नवी दिल्लीतल्या अधिवेशनानंतरही रीफ धोक्याच्या यादीबाहेरच राहिली.