तळहाताएवढा पोचा, अख्खा दरवाजा

गाडीच्या दरवाज्याला तळहाताएवढा पोचा पडतो आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात लिहून येतं, ‘पूर्ण दरवाजा रंग, शेजारच्या फेंडरवर शेड’. फेंडर म्हणजे चाकावरचा पत्रा. आपण लुबाडले जातोय, हा मालकाच्या मनातला पहिला विचार. तो कधी खराही ठरतो. पण बहुतेक वेळा फेंडरवरचा तो रंग आपल्याच डोळ्यांमुळे लावावा लागतो.

आधी पत्र्याचं बघू. तो जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. थोडा दाबला तर परत उसळतो, मर्यादेपलीकडे दाबला तर वाकलेलाच राहतो. वाकल्या जागी तो पूर्वीपेक्षा कडक होतो आणि बऱ्याचदा ताणून पसरलेलाही असतो. अशा पोच्याच्या मध्यावर मागून जोरात हातोडा घातला की पत्रा आणखी ताणतो, मग डब्याच्या पातळ झाकणासारखा टकटक आतबाहेर करत बसतो. कसलेला डेंटर म्हणून कडेपासून सुरुवात करतो. पोच्याभोवती उंचावलेली कड आधी बसवायची, खोलगा नंतर उचलायचा. एका बाजूला डॉली नावाचा लोखंडी ठोकळा, दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी. काम जमलंय की नाही हे तो बघण्यापेक्षा तळहात फिरवून ठरवतो.

उरलेली उणीव पुट्टी भरून काढते. पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची पूड असं हे मिश्रण. त्यात वजनाच्या साधारण २ टक्के हार्डनर, म्हणजे मिश्रण घट्ट करणारं रसायन, लागतो. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते, जास्त झाला तर महिन्याभराने नव्या रंगातून डाग वर येतो. ठोकायचे श्रम वाचवून पुट्टीचा थरच जाड दिला, तर पोलाद आणि पुट्टी उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि तडा जातो. जुनी गाडी घेताना खिशात लोहचुंबक ठेवावा तो यासाठी. जाड पुट्टीवर तो धरत नाही.

आता रंग. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे दोनेक केसांची जाडी. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि ते कसे पहुडतात यावर छटा ठरते. स्प्रे गन लांब धरून कोरडा फवारा मारला तर छटा उजळ येते, ओला मारला तर गडद. एकाच डब्यातून दोन कारागीर दोन छटा काढू शकतात! त्यात जुना रंग उन्हाने बदललेला. शिवाय ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात फारकत घेते, कारण रंगद्रव्यं वेगळी असली की प्रकाश बदलताच जोडी फुटते.

एका सरळ रेषेत भिडलेल्या दोन छटांमधला बारीकसा फरकही डोळा पकडतो. हळूहळू विरत गेलेला फरक मात्र त्याला कळत नाही. म्हणून नवा रंग फेंडरवर विरवत न्यायचा आणि वरचा पारदर्शक थर भागाच्या कडेपर्यंत मारायचा.

बाकीची गाडी झाकणारा मास्किंग टेपही याच धंद्यातून जन्मला. अमेरिकेत सेंट पॉल शहरात रंगाऱ्यांना दुरंगी गाड्यांची रेघ साधत नव्हती, चिकटवलेला कागद काढताना रंगही उचकटायचा. तिथे पॉलिशपेपरची चाचणी घ्यायला येणाऱ्या ३एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू याने ती चिडचिड ऐकली आणि १९२५ मध्ये टेप बनवला.

कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजतात. तयार गाडीत प्लॅस्टिक आणि वायरिंग असल्याने दुरुस्तीत ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं, म्हणून हार्डनरवर वाळणारा रंग वापरतात. या हार्डनरमधल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनामुळे दमा जडू शकतो. कापडी मास्क इथे निरुपयोगी, फवारणाऱ्याला बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवावी लागते. बिलातला काही भाग या हवेचा असतो आणि तो कापायला सांगू नये.

अलीकडे बिलात हातोडी किंवा रंगाशी संबंध नसलेली एक ओळ दिसते, सेन्सर कॅलिब्रेशन, म्हणजे गाडीतले सेन्सर पुन्हा अचूक जुळवणं. बंपरमागे आजूबाजूच्या गाड्या हेरणारं रडार असेल तर त्याच्या लहरींना पुट्टी आणि मेटॅलिक रंगाचे जादा थर अडथळा करतात. अशा वेळी किरकोळ ओरखड्यासाठीही नवा बंपर सुचवला जातो, आणि तिथे लुबाडणूक शोधत बसण्यात अर्थ नसतो.