तीन प्लग काळे, एक पांढरा

आमच्या बाबांची गाडी २००३ सालची, चार सिलेंडर, ११०० सीसी, पेट्रोल, एमपीएफआय (प्रत्येक सिलेंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर). गेल्या वर्षी मे महिन्यात खंबाटकी घाटात गरम झाली, बोनेटमधून वाफ, टो करून पुण्यात आणली आणि गॅरेजमध्ये सांगितलं की हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय. वीस वर्षं झाल्यावर जाणारच, त्यात काही विशेष नाही. हेड उतरवलं, फेसिंग करून आणलं, नवीन गॅसकेट टाकलं, आठ दिवसांनी गाडी घरी आली आणि त्याच दिवसापासून नवीनच दुखणं सुरू झालं.

सकाळी स्टार्ट एकदम छान. पाच-दहा मिनिटं बरी चालायची. मग इंजिन तापलं की सिग्नलला उभं राहिल्यावर अख्खी गाडी थरथरायची, मिसिंग मारायची (एखादा सिलेंडर पेटायचाच नाही), आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कधीकधी सरळ बंद. दांडेकर पुलाच्या सिग्नलला बाबांची गाडी एका आठवड्यात दोनदा बंद पडली, मागे बसवाला हॉर्न वाजवतोय, बाबांचं वय ७३, त्यांना घाम फुटला. आणि तीच गाडी हायवेला ६०-७० ला टाकली की काही तक्रारच नाही.

गॅरेजमध्ये परत नेली. प्लग काढले तर काळे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, नवीन प्लग टाका. आठवडा गेला, तेच. मग एचटी वायर (प्लगला वीज नेणाऱ्या) बदलल्या, मग इग्निशन कॉइल, मग पेट्रोल फिल्टर, आणि शेवटी "आता ईसीयू बदलून बघू" (ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा मी गाडी घरी आणली. आमच्या शेजारी एक काका राहतात, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "हेड काढताना काय काय सोडवलं होतं?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. काल चालणारी वस्तू आज रिपेअरनंतर बिघडली तर जिथे जिथे हात लागलाय तिथेच आधी बघायला हवं. हेड काढायचं म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (सिलेंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा जोड) सुटतो, एक्झॉस्ट सुटतो, टायमिंग बेल्ट निघतो, सेन्सरचे पाच-सहा कनेक्टर निघतात, व्हॅक्यूमचे बारीक रबरी पाइप निघतात, अर्थची वायर निघते, कूलंट काढून परत भरावं लागतं. कॉइल आणि पेट्रोल फिल्टर त्या दिवशी चांगलेच होते, त्यांना कुणी हातही लावला नव्हता.

आता इंजिन आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) नक्की काय करत असतं ते बघूया, कारण हायवेला बरी आणि सिग्नलला आजारी याचं उत्तर तिथे आहे. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो, पण आयडलिंगला थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेवरच्या झडपेची, पाकळी जवळजवळ बंद असते, म्हणजे नाक दाबून श्वास घेतल्यासारखं. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेच्या साधारण ४० टक्केच दाब उरतो. ११०० सीसीचं इंजिन ८०० आरपीएमला फिरतंय असं धरून मी हिशोब केला तर मिनिटाला जेमतेम दीडशे लिटर हवा येते, एका सिलेंडरच्या वाट्याला ३५-४० लिटर. एवढ्याशा खुराकावर ते कसंबसं फिरत राहतं.

आणि अशा मॅनिफोल्डला बारीकशी फट पडली तर? आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण ५३ टक्क्यांच्या खाली गेला की फटीतून आत शिरणारी हवा आवाजाच्या वेगाने जाते, त्याहून जास्त नाही पण कमीही नाही. या वेगाने फक्त ३ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून मिनिटाला ६० लिटरच्या आसपास हवा आत येते! म्हणजे आयडलिंगच्या गरजेच्या एक तृतीयांशाहून जास्त, ती पण थ्रॉटलला न विचारता. हायवेला इंजिन याच्या कितीतरी पट हवा घेत असतं, शिवाय थ्रॉटल उघडल्याने आतला दाबही वाढलेला असतो, त्यामुळे तीच फट तिथे जाणवतच नाही. म्हणून सिग्नलला मरणारी आणि रस्त्यावर धावणारी गाडी बघितली की जुनी माणसं म्हणतात, "कुठेतरी हवा खेचतेय."

पण काळ्या प्लगचं काय? हवा जास्त, पेट्रोल कमी असं असेल तर प्लग पांढरट व्हायला हवेत, काळे नाही. गॅरेजवाल्याचा तर्क त्या दृष्टीने बरोबरच होता. मी पण इथेच अडकलो होतो.

काकांनी नवीन टाकलेले प्लग परत काढायला लावले, आणि काढताना कुठला कुठल्या सिलेंडरचा ते खडूने लिहून ठेवायला लावलं. एक, दोन, तीन काळे, हाताला काजळी लागेल असे. चौथा मात्र पांढरट, कोरडा. गॅरेजमध्ये चारही प्लग एका वाटीत टाकलेले, त्यामुळे "प्लग काळे आहेत" एवढंच दिसलं, कुठला काळा आणि कुठला गोरा ही माहिती वाटीतच हरवली.

हे समजायला ऑक्सिजन सेन्सर समजायला हवा. सायलेन्सरच्या पाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीच्या) आधी हा बसवलेला असतो, आत झिर्कोनियम ऑक्साइडची सिरॅमिक टोपी. हे सिरॅमिक तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे तापलं की ऑक्सिजनचे आयन त्यातून सरकायला लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, २१ टक्के ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक तितकं व्होल्टेज. धुरात ऑक्सिजन जवळपास नसेल तर ०.८-०.९ व्होल्ट, भरपूर असेल तर ०.१ व्होल्ट. फरकातून व्होल्टेज किती हे सांगणारं समीकरण वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलं, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं की याच माणसाने पुढे १८९७ मध्ये झिर्कोनियाचीच कांडी वापरून विजेचा दिवा बनवला होता. गाडीत हा सेन्सर यायला १९७६ उजाडलं.

ईसीयू या व्होल्टेजकडे बघून पेट्रोल ठरवतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, त्या आकड्याच्या आसपास राहायचं म्हणून तो सतत थोडं वाढव, थोडं कमी कर असं करत असतो. पण सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, पेट्रोल कळत नाही, आणि चारही सिलेंडरचा धूर मिळून त्याच्यासमोरून जातो.

आता जुळवा. चौथ्या सिलेंडरच्या तोंडाशी इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग नीट बसलं नाही, तिथे फट राहिली, समजा दोन चौरस मिलिमीटरची. त्यातून मिनिटाला १५-१६ लिटर हवा येते, सगळी त्याच सिलेंडरला मिळत नाही पण बरीच मिळते. चौथ्याचं मिश्रण इतकं पातळ होतं की ठिणगी पडूनही ते धड पेटत नाही, मिसिंग होतं. न पेटलेल्या मिश्रणातला सगळा ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये येतो. सेन्सर सांगतो ऑक्सिजन खूप आहे. ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो चारही इंजेक्टरचं पेट्रोल वाढवतो. एक, दोन, तीनला खरं तर पुरेसं होतं, ते आता काजळी धरतात. चौथा पातळ तो पातळच. सेन्सर खरं बोलला, ईसीयूने नेमून दिलेलं काम केलं, आणि तीन चांगल्या सिलेंडरचे प्लग काळे झाले.

सकाळी गाडी बरी का चालायची तेही यातूनच सुटतं. थंड इंजिनला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो (जुन्या गाड्यांत चोक ओढायचो तेच काम) आणि सेन्सर तापेपर्यंत त्याचं ऐकतही नाही, त्या जास्तीच्या पेट्रोलमध्ये चौथ्याची फट झाकली जायची. इंजिन तापलं, जास्तीचं पेट्रोल थांबलं, की फट उघडी पडायची.

आता हे सगळं नुसतं बोलून चालत नाही, तपासून बघावं लागतं, आणि तपासायला काकांनी जे वापरलं ते सगळं मिळून एका कॉइलच्या किमतीपेक्षा स्वस्त होतं. पहिलं व्हॅक्यूम गेज (आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी ते दाखवणारं), टी जोडून मॅनिफोल्डच्या पाइपला लावलं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे साधारण १८ ते २१ इंच दाखवतं, पण पुणं ५६० मीटरवर आहे, इथे बाहेरचीच हवा विरळ, त्यामुळे इथे दोनेक इंच कमी धरायचे, म्हणजे काटा १७ च्या आसपास असायला हवा होता. आमचा काटा १४ वर होता आणि ठरावीक तालात थरथरत होता. टायमिंग बेल्टचा एक दात चुकला असता तरी काटा खाली येतो, पण सहसा स्थिर राहतो. तरीही काकांनी बेल्टच्या खुणा जुळवून बघितल्या, कारण २० दातांच्या क्रँक पुलीला एक दात म्हणजे सरळ १८ अंशांची चूक. खुणा बरोबर होत्या. त्या कामाबद्दल गॅरेजवाल्याला पूर्ण मार्क.

दुसरं, ब्रेक. सिग्नलला आपण दोन गोष्टी एकदम करतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि ब्रेक दाबतो, मग बंद कशामुळे पडली कसं कळणार? ब्रेक बूस्टर (ब्रेकला जोर पुरवणारा) मॅनिफोल्डच्याच व्हॅक्यूमवर चालतो, त्याचा पडदा फाटला तरी ब्रेक दाबताच गाडी मरते. म्हणून जागेवर उभं राहून, न्यूट्रलमध्ये, नुसता ब्रेक दाबून बघितला. थरथर तेवढीच, फरक शून्य. बूस्टर संशयातून बाद.

तिसरं, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, कारण कूलंट भरताना हवा अडकली किंवा कनेक्टर सैल राहिला तर ईसीयूला तापलेलं इंजिन थंड वाटू शकतं आणि तेव्हाही प्लग काळे होतात. याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर कमी होतो, बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० ला तीनेकशे. आमचा ठीक होता. अर्थची वायरही मल्टिमीटरने बघितली, ठीक.

मग चौथं. चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. पहिला काढला, इंजिन लगेच लंगडलं. दुसरा, तिसरा तसंच. चौथ्याचा काढला, काहीच नाही! म्हणजे तो सिलेंडर आधीपासूनच काम करत नव्हता. बरेच जण यासाठी एचटी वायर ओढतात, ते करू नका, तिथे २०-३० हजार व्होल्ट असतात, शिवाय न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून आतली जाळी वितळू शकते. त्याच कारणाने मिसिंग मारणारी गाडी "चालतेय ना" म्हणून महिनोन्महिने चालवणं मला अजिबात पटत नाही.

शेवटी पाणी. फवाऱ्याच्या बाटलीतून चौथ्या सिलेंडरपाशी, मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर थोडंसं पाणी मारलं, वायरिंगला न लावता. दोन सेकंद इंजिन एकदम शांत झालं, मग परत थरथर. पाण्याने फट क्षणभर बुजली होती. काही जण उदबत्तीचा धूर फिरवून फट शोधतात, पण पेट्रोलच्या पाइपाशेजारी जळती उदबत्ती नेऊ नका, पाणी पुरतं.

मॅनिफोल्ड काढला. जुनंच पॅकिंग परत बसवलेलं होतं, चौथ्या पोर्टच्या खालच्या कोपऱ्यात त्याचा तुकडा पडलेला, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर आधीच्या पॅकिंगची खपली तशीच. नायलॉनच्या ब्रशने पृष्ठभाग साफ केला, लोखंडी पात्याने घासलं तर अ‍ॅल्युमिनियमवर चरे पडतात. नवीन पॅकिंग टाकून नट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले. एवढंच काम. हेड गॅसकेटचं मोठं, अवघड काम गॅरेजने उत्तम केलं होतं, राहिला होता हा कोपरा.

स्टार्ट केली, गरम होऊ दिली, गेजचा काटा १७ वर येऊन थांबला तो हललाच नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर मल्टिमीटर धरला तर ०.२ आणि ०.८ च्या मध्ये आकडा सारखा खाली-वर जात होता, ईसीयूचं थोडं वाढव थोडं कमी कर परत सुरू झालं होतं. एवढ्या जुन्या गाडीला आजच्यासारखं स्कॅनर लावून सगळं दाखवणारं सॉकेट नसतं, आपल्याकडे ही ओबीडी-२ पद्धत सक्तीची झाली ती २०१३ पासून, त्यामुळे हा मल्टिमीटरच आमचा स्कॅनर.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर नसतो, तिथे फट पडली की मिश्रण सरळ पातळ होतं आणि प्लग पांढरेच दिसतात, शोधायला तुलनेने सोपं. पण अशा गाड्यांत हल्ली २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जातं, त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे मिश्रण आधीच थोडं पातळ असतं, त्यात जुने रबरी पाइप. तिथे छोटी फटसुद्धा लवकर जाणवते, आणि पाइप बदलायचेच तर इथेनॉलला चालणारेच घ्या.

नंतर दिवाळीत बाबांना घेऊन महाबळेश्वरला गेलो, जाताना खंबाटकी पार केला तेव्हा बाबा टेंपरेचरच्या काट्याकडेच बघत होते. वर पोचल्यावर मी हौसेने गेज परत लावलं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. काटा साडेचौदाला. पुण्यात आजारी असताना होता त्याच्या अगदी जवळ, पण आता स्थिर. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून बोनेटवर ठेवायचा प्रयत्न केला, पोचला नाही, मग उतरून पुढे आले आणि दोन्ही तळवे बोनेटवर ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले.