पुण्यातल्या जुन्या टेप, कॅसेट आणि फिल्म वाचवण्यासाठी परदेशी अनुदान: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

पुण्यातली संगीत मंडळं, हौशी नाट्यसंस्था, वाचनालयं आणि व्याख्यानमाला चालवणारी मंडळं यांच्याकडे गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण आजही शिल्लक आहे. आधी स्पूल (चक्रीवर गुंडाळलेली उघडी टेप) आणि आठ मिलिमीटरची फिल्म, मग कॅसेट आणि व्हीएचएस, पुढे मिनीडीव्ही आणि सीडी. त्यावर घरगुती बैठका आहेत, कीर्तनं आहेत, एकांकिकांचे प्रयोग, पोवाडे, भाषणं आहेत. यातलं बहुतेक कधी बाजारात आलं नाही. आहे ती एकच प्रत.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या घराघरांतली कागदपत्रं एका दिवसात गेली. टेप जायला पूर लागत नाही. टेपवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्यानं धरलेला असतो ते हवेतला ओलावा शोषतं, मऊ होतं आणि टेप फिरवली की थर खरवडून निघतो. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, की तिचं आतून विघटन सुरू झालेलं असतं. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या खोक्यात बुरशी धरते ती वेगळीच. शिवाय वाजवायची यंत्रंही संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कारखान्यानं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्को आणि ध्वनी-दृक्श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी २०२० मध्ये जगभरच्या संग्रहांना टेपबद्दलचा इशारा दिला, तो याच कारणानं.

काम लवकर करायला हवं हे संस्थांच्या कार्यवाहांना पटतं. पैसा कुठून आणायचा इथे सगळं अडतं. म्हणून एका मार्गाची माहिती इथे सविस्तर देत आहे. या मार्गात इंग्रजी अर्ज लिहिणं हा सोपा भाग आहे. अवघड आहे ती संग्रहाची यादी, हक्कांची संमतीपत्रं आणि परदेशी पैसा घेण्याची परवानगी. ही तिन्ही कामं अर्जाची मुदत जाहीर होण्याआधीच हातात घ्यावी लागतात.

कार्यक्रम कोणता आणि तो काय देतो

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं, म्हणजे यूसीएलएचं ग्रंथालय २०१८ पासून ‘मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ज प्रोग्राम’ चालवतं. पैसा आर्केडिया या धर्मादाय निधीचा. विसाव्या आणि एकविसाव्या शतकातलं, नष्ट होण्याचा धोका असलेलं साहित्य त्यांना हवं असतं: कागद, छायाचित्रं, ध्वनिफिती, व्हिडिओ, आणि मुळातच डिजिटल असलेलं साहित्यही. याचा थोरला भाऊ म्हणजे ब्रिटिश लायब्ररीचा २००४ पासूनचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ज प्रोग्राम’. त्याचा भर त्याआधीच्या काळावर, साधारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या साहित्यावर आहे. तुमच्याकडे जुनी हस्तलिखितं किंवा मोडी दफ्तरं असतील तर तिकडे बघा. स्पूल आणि कॅसेट असतील तर यूसीएलएचा दरवाजा योग्य.

अनेकांना भीती वाटते, की टेप परदेशात जाणार. तसं होत नाही. मूळ साहित्य जिथं आहे त्याच देशात राहतं. डिजिटायझेशन इथे, इथल्या माणसांकडून होतं. मार्गदर्शन आणि तपासणी दुरून होते आणि तिकडे जातात त्या फक्त डिजिटल फाइल. त्यांची एक पूर्ण प्रत तुमच्याकडेही राहते. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. काम संपल्यावर पुण्यात एक संग्रह तर उरतोच, शिवाय टेप हाताळता येणारी दोन-चार तरुण माणसंही तयार होतात.

आजवरच्या फेऱ्यांमध्ये मुख्यतः दोन प्रकारची अनुदानं राहिली आहेत. नियोजन अनुदान १५,००० डॉलरपर्यंत, एका वर्षासाठी. यात संग्रहाची पाहणी, यादी आणि थोडं नमुना डिजिटायझेशन करता येतं. प्रकल्प अनुदान ५०,००० डॉलरपर्यंत, दोन वर्षांसाठी. यात प्रत्यक्ष डिजिटायझेशन, नोंदी आणि प्रकाशन येतं. रुपयांत सांगायचं तर पहिलं बारा-तेरा लाखांच्या आसपास, दुसरं चाळीस लाखांच्या वर. ज्या संस्थेकडे संग्रहाची पूर्ण यादी नाही तिनं थेट मोठ्या अनुदानाच्या मागे लागू नये. आधी नियोजन अनुदान घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पात्र कोण

अर्ज संस्थेच्या आधारानं करायचा असतो. संग्रहालय, ग्रंथालय, महाविद्यालय, विद्यापीठाचा विभाग, नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी चालते. घरी आजोबांच्या स्पूलचा खोका असेल तर एकट्यानं अर्ज करण्याऐवजी अशा संस्थेशी लेखी करार करा. मालकी तुमचीच राहील हे करारात लिहून घ्या.

साहित्याबाबत तीन गोष्टी पाहिल्या जातात. ते खरोखर धोक्यात आहे का? इतिहासाच्या किंवा समाजाच्या अभ्यासाला त्याचा काय उपयोग? आणि ते सर्वांना मोफत, खुलं करता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर हा मार्ग तुमचा नाही. काही घराण्यांना बंदिशी खुल्या करायच्या नसतात. त्या भावनेचा मान ठेवावा आणि जतनाची दुसरी सोय बघावी. चित्रपटाच्या फिल्मसाठी तर पुण्यातच, १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे; तिथे फिल्म जतनासाठी ठेवण्याविषयी विचारणा करता येते.

यादी: अर्जाचा कणा

‘सुमारे हजार कॅसेट आहेत’ हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक नगाला क्रमांक द्या. प्रकार, खोक्यावर आणि लेबलवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, अंदाजे लांबी, तारीख, ठिकाण, कलाकार, साथीदार, मुद्रण कुणी केलं आणि आजची अवस्था (बुरशी, आंबूस वास, चिकटपणा, तुटलेली टेप) एवढं लिहा. माहिती नसेल तर रकाना कोरा ठेवा, अंदाजानं भरू नका.

ही यादी करताना जुन्या सभासदांना बोलवा. तबल्यावर कोण होतं, प्रयोग कुठल्या थिएटरात झाला, हे लेबलवर नसतं. ऐंशीच्या घरातल्या एखाद्या काकांना किंवा मावशींना मात्र आठवत असतं. टेप पुढच्या वर्षीही वाजू शकेल, पण ते सांगणारं माणूस तेव्हा असेलच असं नाही. नीट नोंदींनी काय साधतं ते पुण्यातच दिसलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाव आणि गाणाऱ्या बाईचं नाव यांसकट. म्हणूनच पुढे त्या ओव्या त्या बायांच्या नावानिशी जगापुढे ठेवता आल्या.

यादी करताना टेप वाजवून बघण्याचा मोह आवरा. घरच्या जुन्या मशीनवर चिकट टेप एकदा फिरली तरी कायमची खराब होऊ शकते. बुरशी कापडानं पुसू नका. कॅसेटच्या आणि व्हीएचएसच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडून ठेवा, म्हणजे चुकून वर दुसरं काही मुद्रित होणार नाही. फिल्मला आंबूस वास येत असेल तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

हक्क आणि संमती

टेप तुमच्या कपाटात आहे म्हणून तिच्यावरचे सगळे हक्क तुमचे होत नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे प्रकाशित ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण असतं. गायक-वादक-नटांचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा. नाटक किंवा कविता असेल तर लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे एकांकिकेच्या एका टेपसाठी मुद्रण करणारी संस्था, नट आणि लेखकाचे वारस असे तीन पदर सोडवावे लागतात.

बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या बिगरडिजिटल प्रतीची जतनासाठी डिजिटल साठवण करायला याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. पण ती जतनापुरती आहे. जगभर खुलं करायला संमती लागतेच. त्यामुळे कलाकारांकडून किंवा वारसांकडून मराठीत, सोप्या शब्दांत, एक पानी संमतीपत्र घ्या: कोणत्या क्रमांकाच्या टेप, त्या मोफत ऐकता येतील, मालकी बदलत नाही, आणि हरकत आली तर काय करणार. इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. ज्यांची संमती मिळाली नाही ते नग यादीत वेगळे दाखवा. परीक्षकांना लपवाछपवीपेक्षा हे केव्हाही बरं वाटतं. खासगी गप्पा, भांडणं, कुणाच्या आजारपणाचा उल्लेख असं काही मुद्रणात असेल तर तो भाग खुला करू नये, मग संमती असो वा नसो.

परदेशी पैसा आणि एफसीआरए

चांगले प्रस्ताव इथे अडकतात, म्हणून हे नीट वाचा. भारतातल्या संस्थेला परदेशी अनुदान घ्यायला परदेशी अंशदान (विनियमन) कायदा, २०१०, म्हणजेच एफसीआरए, याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. दोन्हींचे अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचे.

नोंदणीसाठी, म्हणजे एफसी-३ए अर्जासाठी, संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिनं आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. पेठेतल्या छोट्या संगीत मंडळाला ही अट जड जाते. त्यांच्यासाठी पूर्वपरवानगी आहे, अर्ज एफसी-३बी. ती एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामापुरती मिळते आणि तिला देणगीदाराचं बांधिलकीचं पत्र लागतं. हे पत्र निवड झाल्यावरच हाती येणार आणि त्यानंतर परवानगीला महिने जाऊ शकतात. म्हणून प्रस्तावात कामाची सुरुवात लांबची धरा आणि कारण स्पष्ट लिहा.

२०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते. ते खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, पुण्यातल्या स्टेट बँकेच्या शाखेतून कागद देता येतात. प्रशासकीय खर्च परदेशी रकमेच्या २० टक्क्यांपुरता मर्यादित आहे. आणि मिळालेलं अनुदान दुसऱ्या संस्थेकडे वळतं करता येत नाही. त्यामुळे ‘एफसीआरए असलेल्या ओळखीच्या संस्थेच्या नावावर पैसे घेऊ आणि मग आपल्याकडे फिरवू’ हा बेत कायद्याविरुद्ध आहे. अशा संस्थेबरोबर काम करायचं तर प्रकल्प तिनंच चालवायला हवा: माणसं तिची, हिशेब तिचे.

कागदपत्रं

सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खालचं प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि कामाचे अहवाल, पदाधिकाऱ्यांचे आधार तपशील, आणि अर्ज करण्याचा कार्यकारिणीचा ठराव.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट-१ चा, म्हणजे तुमच्या न्यासाच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा आणि त्यावरची विश्वस्तांची नावं आजच्या विश्वस्तांशी जुळतात का बघा. जुन्या संस्थांमध्ये उताऱ्यावर दिवंगत माणसांची नावं असतात आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, वर्षानुवर्षं प्रलंबित असतो. एफसीआरएच्या अर्जावर सही करणाऱ्याचं नाव उताऱ्यात नसेल तर पुढे खुलासे देत बसावं लागतं. म्हणून ज्या दिवशी हा विचार मनात येईल त्याच दिवशी चेंज रिपोर्टच्या मागे लागा.

प्रस्ताव आणि अंदाजपत्रक

अर्ज दोन टप्प्यांत असतो: आधी प्राथमिक, तो पसंत पडला तर सविस्तर. अर्ज इंग्रजीत लिहायचा. फेरी वर्षातून एकदा निघते, म्हणून तारखा आणि नियम त्या वर्षीच्या निवेदनातूनच घ्या.

तांत्रिक बाजूला फार शब्द घालवू नका, पण आकडे अचूक द्या. ध्वनीसाठी आयएएसए किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगते; जतन करणाऱ्या संस्थांमध्ये ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल रूढ आहे. ९६ किलोहर्ट्झला स्टिरिओच्या एका तासाला साधारण २ जीबी जागा लागते. म्हणजे ५०० तासांना एक टेराबाइटच्या थोडं वर, आणि निदान तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी. व्हिडिओ मात्र जागा खातो: व्हीएचएसच्या दर्जाचं चित्र दहा बिटमध्ये न दाबता घेतलं तर तासाला जवळपास १०० जीबी. एफएफव्ही१ या फाइल दाबण्याच्या पद्धतीनं गुणवत्ता न गमावता ते बरंच कमी होतं. एमपी३ फक्त ऐकवण्यासाठी, जतनासाठी नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासायचा सांकेतिक आकडा) काढून ठेवा, नाहीतर दुरून पाठवलेली फाइल वाटेत बिघडली हे कळणार नाही.

अंदाजपत्रकात स्थानिक मानधन, मशीनची दुरुस्ती, हार्ड डिस्क, यूपीएस, आर्द्रता शोषणारं यंत्र धरा. संस्थेचा सर्वसाधारण खर्च, जागाभाडं असे ओव्हरहेड टाकू नका. ते मंजूर होत नाहीत. स्पूल मशीन दुरुस्त करणारे कारागीर शहरात आता मोजके उरलेत. त्यांचा लेखी अंदाज आधी घ्या आणि प्रस्तावाला जोडा; असा माणूस तुमच्याकडे आहे हे परीक्षकाला दिसलं पाहिजे.

अनुदान मिळाल्यावर कार्यक्रमाला ठरल्या वेळी अहवाल द्यायचे आणि गृह मंत्रालयाला एफसी-४ हे वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. ज्या वर्षी रक्कम आली नाही त्या वर्षीही कोरं विवरण भरावं लागतं. हे काम पहिल्या दिवसापासून सनदी लेखापालाकडे सोपवा आणि त्यांची फी अंदाजपत्रकातल्या प्रशासकीय खर्चात बसवा.