कुत्र्यांच्या वागण्यावरची पुस्तकं आणि पॅक थिअरीचा वाद

पॅक थिअरी म्हणजे असा समज, की कुत्रा हा शेवटी घरात राहणारा लांडगाच, लांडग्यांच्या कळपात एक ‘अल्फा’ असतो जो दादागिरी करून वरची जागा पटकावतो, आणि घरातला कुत्रा माणसांनाही आपला कळपच मानतो, त्यामुळे मालकानं स्वतः अल्फा होऊन दाखवलं नाही तर तो डोक्यावर मिऱ्या वाटणार. विसाव्या शतकातली ट्रेनिंगची कितीतरी पुस्तकं याच समजावर उभी आहेत. यात खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत. कुत्र्याकुत्र्यांमध्ये वरचा-खालचा असतो का हा एक, आणि माणसानं कुत्र्यावर वचक बसवावा का हा दुसरा. भांडणारे दोन्हीकडचे लोक यांची सर्रास सरमिसळ करतात, म्हणून तर हा वाद इतकी वर्षं मिटत नाही.

सुरुवात कोंबड्यांपासून झाली. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास दाखवलं की कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याचा क्रम ठरलेला असतो. मग प्रत्येक प्राण्यात असा क्रम शोधायची जणू लाटच आली. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे बघून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मोठा निबंध लिहिला, त्यात वरच्या जागेसाठी सतत चालणाऱ्या झटापटीचं वर्णन होतं. निरीक्षण बारकाईचंच होतं, पण लांडगे बंदिस्त जागेत एकत्र कोंबलेले, त्यातून निघून जायची सोयच नाही. पुढे अमेरिकन संशोधक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या लांडग्यांवरच्या पुस्तकात हीच अल्फाची कल्पना आली, पुस्तक खूप वाचलं गेलं आणि कल्पना घरोघरी पोचली.

पण लक्षात घ्या, कुत्र्याला मारझोड करून शिकवणं लांडग्यांच्या अभ्यासापेक्षा जुनं आहे. जर्मनीत पोलीस आणि लष्कराची कुत्री तयार करणाऱ्या कॉनराड मोस्ट यांचं पुस्तक १९१० चं, म्हणजे शेंकेलच्या निबंधाच्या कितीतरी आधीचं. १९६२ मध्ये आलेली विल्यम केलर यांची पद्धतही गळ्यातली साखळी खेचून चूक सुधारण्यावरच उभी, आणि तेही लष्करी कुत्र्यांच्याच कामातून आलेले. अल्फाच्या कल्पनेनं या जुन्या सवयीला शास्त्राचा कोट चढवला, एवढंच.

न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठात जर्मन शेफर्ड वाढवणाऱ्या साधूंचं ‘हाऊ टू बी युवर डॉग्ज बेस्ट फ्रेंड’ हे पुस्तक १९७८ चं. त्यात बाकी पुष्कळ गोष्टी प्रेमळ होत्या, पण ‘अल्फा रोल’ही होता, म्हणजे कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरायचं, तो शरण येईपर्यंत. लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. २००२ च्या सुधारित आवृत्तीत साधूंनी हा सल्ला स्वतःच मागे घेतला, पण तोवर तो त्यांच्या हातात राहिलाच नव्हता. २००४ पासून सीझर मिलान यांचा टीव्ही शो आला, त्यांचं पुस्तक २००६ ला, आणि ‘पॅक लीडर’ हा शब्द कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसला. त्याच्या आगेमागे असल्या नियमांची पुस्तकं भरपूर होती: आपण आधी जेवायचं, दारातून आपण आधी जायचं, सोफ्यावर चढू द्यायचं नाही, दोरीच्या खेचाखेचीत कुत्र्याला जिंकू द्यायचं नाही. हा शेवटचा नियम तर तपासूनही झालाय. ब्रिटनमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरना खेचाखेचीत वारंवार जिंकू दिलं आणि वारंवार हरवलं, कुत्री जिंकली म्हणून शिरजोर झाली असं काही दिसलं नाही.

पहिला मोठा तडा खुद्द मीच यांनीच दिला. १९८६ पासून ते कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर उन्हाळ्यात जाऊन मोकळे लांडगे जवळून बघत होते, आणि १९९९ च्या लेखात त्यांनी सरळ लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं मोठी झाली की बाहेर पडून स्वतःचा जोडीदार शोधतात, वरच्या जागेसाठी लढत बसत नाहीत. अनोळखी लांडगे एकत्र कोंडून त्यावरून कळप समजून घेणं म्हणजे निर्वासितांच्या छावणीवरून माणसाचं कुटुंब समजून घेणं, अशी तुलना त्यांनीच केली. आपलं १९७० चं पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते, ते बंद व्हायला २०२२ उजाडलं. चुकीचं पुस्तक लिहिण्यापेक्षा ते बाजारातून काढणं जास्त अवघड असतं म्हणायचं!

लांडग्यांचं चित्रच बदललं तर कुत्र्यांचं काय? शिवाय दोघांची वाट वेगळी होऊन किमान पंधरा हजार वर्षं झाली आहेत. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांच्या २००१ च्या ‘डॉग्ज’ या पुस्तकानं भर दिला तो माणसाच्या उकिरड्यावर जगणाऱ्या मोकाट कुत्र्यांवर. ही कुत्री बहुतेक करून एकेकटी अन्न शोधतात, मोठी शिकार मिळून करायची गरज पडत नाही, आणि पिल्लांना वाढवायचं काम जवळजवळ आईवरच असतं. म्हणजे लांडग्यांच्या कुटुंबासारखी घट्ट रचना इथे नाही. ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कुत्र्यांच्या बाबतीत ‘डॉमिनन्स’, म्हणजे एकानं दुसऱ्यावर वरचढ असणं, ही कल्पना खरंच कामाची आहे का असा प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं, दोन कुत्र्यांमधलं नातं प्रत्येकाला आधी आलेल्या अनुभवातून आणि त्या वेळी कोणाला काय हवंय यातून बऱ्यापैकी समजतं, मनात खुर्चीची हाव आहे असं मानायची गरज नाही.

आता इथेच बरीच पुस्तकं घाई करतात आणि कुत्र्यांमध्ये वरचा-खालचा असं काही नसतंच म्हणून मोकळी होतात. तसं नाहीये. रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांवर इटालियन संशोधकांनी काम केलं, २०१० च्या त्यांच्या लेखात वयानुसार बऱ्यापैकी सरळ उतरंड दिसली. नेदरलँड्सच्या शिल्डर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ब्रॅडशॉ यांना उलट उत्तर देऊन ही कल्पना उपयोगाची आहे असं मांडलं. ऑस्ट्रियातल्या वुल्फ सायन्स सेंटरमध्ये लांडगे आणि कुत्री सारख्याच पद्धतीनं वाढवून बघितली, तर खाण्याजवळ लांडगेच एकमेकांना जास्त चालवून घेत होते, कुत्र्यांमध्ये खालच्याला वरच्याच्या जवळ यायची हिंमत कमी. म्हणजे पॅक थिअरीला जे वाटत होतं त्याच्या बरोबर उलट.

दुसरा प्रश्न, वचक बसवायचा का, त्याचं उत्तर मात्र बरंच स्पष्ट झालंय. कुत्र्याकुत्र्यांमध्ये उतरंड सापडली तरी त्यावरून माणसानं कुत्र्याला उताणं पाडावं हे निघत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत, ज्या मालकांनी अल्फा रोल वापरला होता त्यांच्यातल्या ३१ टक्के लोकांनी कुत्रा त्यावर आक्रमक झाला असं सांगितलं, मारणाऱ्या किंवा लाथाडणाऱ्यांमध्ये ४३ टक्के. ही कुत्री आधीच वागण्याच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे आणलेली होती, त्यामुळे आकडे सगळ्या कुत्र्यांना जसेच्या तसे लावू नयेत, पण रोख कळतो. गुरगुरणारा कुत्रा बहुतेकदा घाबरलेला असतो किंवा तोंडातली वस्तू जाईल म्हणून धास्तावलेला, त्याला दाबलं की भीती वाढते आणि पुढच्या वेळी तो गुरगुरायचं सोडून थेट चावू शकतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनंही २००८ मध्ये डॉमिनन्सवर आधारलेल्या ट्रेनिंगपासून सावध केलं होतं.

वचक न बसवता शिकवा म्हणणारी पुस्तकं आधीपासून येत होतीच. कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवायच्या, पाण्यातल्या प्राण्याच्या गळ्यात पट्टा घालून खेचता येत नाही, त्यामुळे बक्षिसावर चालणारी पद्धत त्यांच्या १९८४ च्या ‘डोन्ट शूट द डॉग’ मध्ये आली. जीन डोनाल्डसन यांचं ‘द कल्चर क्लॅश’ १९९६ चं, तिखट आहे, वाचायला मजा येते. पॅट्रिशिया मॅकॉनेल २००२ च्या पुस्तकात कुत्र्यापेक्षा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाकडेच जास्त बघतात. आणि या सगळ्यांच्या आधीचं, स्कॉट आणि फुलर यांचं १९६५ चं जाडजूड पुस्तक, पाच जातींची पिल्लं वर्षानुवर्षं बघून लिहिलेलं. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसांची, जागांची सवय लावणं किती मोलाचं हे त्यातून पुढे आलं, आणि माझ्या मते घरात पिल्लू आणणाऱ्याला अल्फाच्या सगळ्या चर्चेपेक्षा ही एक माहिती जास्त उपयोगी.

संशोधकांमध्ये अजून भांडण चालू आहे ते वेगळ्याच मुद्द्यावर: कान मागे, अंग खाली, शेपूट हलवत एक कुत्रा दुसऱ्याचं तोंड चाटतो तेव्हा तो त्याचा दर्जा मान्य करतोय की फक्त भांडण टाळतोय. शिल्डर यांचा डच गट पहिलं म्हणतो, ब्रॅडशॉ यांच्याकडचे लोक दुसऱ्याकडे झुकतात.