वॉर्प ९ म्हणजे नक्की किती? वादाची थोडी पार्श्वभूमी

पुण्यात सायफायवाले चार जण जमले, म्हणजे विज्ञान दिनाला गणेशखिंडीतल्या त्या खगोल संस्थेत गर्दीत हिंडून नंतर चहाला बसले, की हा विषय निघतोच. स्टार ट्रेकमधलं यान इथून तिथे जायला किती वेळ घेतं, आणि ते आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत. (वॉर्प म्हणजे या यानांचा प्रकाशापेक्षा जास्त वेग, आणि पुढचा आकडा त्याची पायरी.)

आइनस्टाइन, १९०५, प्रकाशाच्या पुढे जाता येत नाही वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. जुन्या मासिकांतल्या कथांमध्ये हायपरस्पेसमधून, म्हणजे नेहमीच्या अवकाशाबाहेरच्या आडवाटेने, उडी मारली की काम झालं, घड्याळ कोणी बघत नव्हतं. १९७७ च्या स्टार वॉर्सनेही तेच केलं, वर पार्सेक हे अंतराचं माप वेळेसारखं वापरून ठेवलं, त्यावर भांडणं अजून चालू आहेत.

घड्याळ आणलं ते स्टार ट्रेकच्या १९६६ च्या पहिल्या मालिकेने (आपल्याकडे ती दूरदर्शनवर बरीच उशिरा आली). हिशोब सोपा, वॉर्पचा आकडा घ्या, त्याचा घन करा, प्रकाशाच्या तितके पट. वॉर्प २ म्हणजे ८ पट, वॉर्प ६ म्हणजे २१६ पट. आठवीतल्या पोरालाही जमेल. फक्त लेखकांनी तो पाळला नाही. १९६९ च्या एका भागात यान वॉर्प ८.४ ने ९९० प्रकाशवर्षं साधारण साडेअकरा तासांत कापणार असं ठणकावून सांगतात, घनाने काढलं तर वर्ष आणि आठ महिने लागतात! आणि त्याच भागात यान भरकटून वॉर्प १४.१ पर्यंत जातं.

म्हणून मग १९८७ ला स्टार ट्रेकची नवी मालिका आली तेव्हा स्केलच बदललं, वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, तिथे कोणी पोचणारच नाही. वॉर्प ९ झाला सुमारे १५१६ पट, आणि ९ ते १० च्या मधला भाग तर फॉर्म्युल्याने नाही, हाताने काढलेल्या वक्राने ठरवला. कारण हे की आकडे वाढतच चालले होते, कुठेतरी झाकण लावायला हवं होतं. आमच्यातले निम्मे लोक याला शहाणपणा म्हणतात. माझ्या मते उगाच केलेला उद्योग, कारण रोग फॉर्म्युल्यात नव्हताच, तो न पाळण्यात होता. आणि झाकण तरी कुठे टिकलं, १९९४ मध्ये त्याच मालिकेच्या शेवटच्या भागात भविष्यकाळ दाखवायचा म्हणून सरळ वॉर्प १३ चा हुकूम दिला, आणि १९९६ मध्ये पुढच्या मालिकेने (व्हॉयेजर) एकाला वॉर्प १० गाठून दाखवला, त्याचं पुढे काय झालं ते न बोललेलंच बरं.

खरा गोंधळ ७५ वर्षांचा. तीच व्हॉयेजर, १९९५ ला सुरू झालेली, यान ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलं, घरी यायला ७५ वर्षं. भागाकार केला तर प्रकाशाच्या ९३३ पट येतात, म्हणजे वॉर्प ९ पेक्षाही कमी, आणि यानाचा कमाल वेग म्हणून सांगतात ९.९७५. नुसत्या वॉर्प ९ ने ४६ वर्षांत घरी पोचले असते. बाजू घेणारे म्हणतात इंजिन थांबवत थांबवत न्यावं लागतं, ठीके, पण मला वाटतं ७५ हा आकडा एवढ्याचसाठी निवडला की एका आयुष्यात जमू नये. पुणं-मुंबई किती लांब विचारलं तर आपणही तासच सांगतो, आणि ते घाटात काय झालंय यावर ठरतात.

२००१ च्या मालिकेत काळ १९६६ च्या मालिकेच्याही मागचा, त्यामुळे जुनं घनाचं स्केल परत. पहिल्याच भागात म्हणतात वॉर्प ४.५ ने नेपच्यूनला जाऊन यायला सहा मिनिटं, आणि हिशोब केला तर साडेपाचच्या आसपास येतात, चक्क बरोबर. मग तेच यान परक्या साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहावर चार दिवसांत पोचणार असं ठरतं. त्या वेगाने चार दिवसांत जेमतेम एक प्रकाशवर्ष होतं, आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं लांब आहे.