पाणी हटले, बाटल्या हटल्या नाहीत

विद्यापीठाच्या आवारात बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली की प्लास्टिकच्या बाटल्या आपोआप घटतात, हा समज अनेक वर्षे रूढ आहे. तो जसाच्या तसा खरा नाही. अमेरिकेतील व्हर्मांट विद्यापीठाने कोका-कोलाशी असलेला दीर्घ मुदतीचा करार संपू दिला, पिण्याच्या नळांवर बाटल्या भरण्याची सोय केली आणि जानेवारी २०१३ पासून पाण्याच्या बाटल्यांची विक्री बंद केली. मात्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, आवारात येणाऱ्या बाटल्यांचे दरडोई प्रमाण घटण्याऐवजी वाढले, आणि (मला हे अधिक चिंताजनक वाटते) साखरयुक्त पेयांचे सेवनही वाढले. शीतकपाटातून गेले ते केवळ पाणी, म्हणजे तिथले सर्वांत निरुपद्रवी पेय; बाकीच्या बाटल्या जागच्या जागी राहिल्या.